पंप नवा, तरी दाब कमी: जे बदलले नाही ते तपासा

पत्र: वडिलांनी १९८६ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी मी आजही चालवतो. शहरात ती ठीक चालते. पण सायन-पनवेल मार्गावर सलग वेग धरला किंवा खंडाळ्याचा घाट लागला की पिकअप तुटतो, गाडी झटके देते आणि शेवटी बंद पडते. दहा-पंधरा मिनिटे थांबले की पुन्हा सुरू होते. गॅरेजमध्ये पेट्रोलचा दाब मोजला तेव्हा तो दीड पौंडाच्या आसपास भरला, म्हणून एसी बनावटीचा नवा यांत्रिक पंप बसवला. पण नव्या पंपावरही काटा तिथेच आहे. कार्ब्युरेटर दोनदा साफ करून झाला. आता मेकॅनिक इलेक्ट्रिक पंप बसवू म्हणतात. बसवावा का?
– एक वाचक, विलेपार्ले

उत्तर:

आपल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: इलेक्ट्रिक पंप सध्या बसवू नका. जुना पंप काढून नवा बसवल्यावरही काटा होता तिथेच राहतो, याचा अर्थ दोष बहुधा पंपात नाही. दोन वेगवेगळ्या पंपांमध्ये नेमका तितकाच बिघाड असणे अशक्य नसले तरी फारच दुर्मीळ आहे. तेव्हा पंप बदलताना काय बदलले नाही, याचा विचार करायला हवा. टाकीपासून पंपापर्यंतची लाइन तीच राहिली, पंपाला हालवणारा कॅमशाफ्ट तोच राहिला, पंप आणि ब्लॉक यांच्यामधील पॅकिंग बहुधा तेच राहिले आणि दाब मोजणारे गेजही तेच राहिले. संशयित हे चारच आहेत आणि चौघांचीही तपासणी एका रविवारी सकाळी, फारसा खर्च न करता होऊ शकते.

तपासणीचा अर्थ लागावा म्हणून पंपाचे काम कसे चालते ते थोडक्यात सांगतो. कॅमशाफ्टवरचा उंचवटा पंपाच्या दांड्याला दाबतो, दांडा डायफ्रामला, म्हणजे पंपातल्या लवचीक पडद्याला, खाली ओढतो आणि टाकीतून पेट्रोल आत येते. उंचवटा पुढे सरकला की डायफ्रामखालची स्प्रिंग त्याला वर ढकलते आणि पेट्रोल कार्ब्युरेटरकडे जाते. म्हणजे ओढण्याचे काम इंजिन करते आणि ढकलण्याचे काम स्प्रिंग करते. कार्ब्युरेटरकडे जाणारा दाब त्यामुळे मुख्यतः स्प्रिंगच्या जोरावर ठरतो, इंजिनाच्या फेऱ्यांवर फारसा नाही. अशा पंपांचा दाब साधारणपणे चौरस इंचाला अडीच ते चार पौंड असतो. आपल्या पंपाचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावा. रेस दिल्यावर दाब थोडा हलणे स्वाभाविक आहे, पण तो निम्म्यावर येत असेल तर पंपापर्यंत पेट्रोल पुरेसे पोहोचतच नाही, असे समजावे.

आता गेजकडे वळू. बहुतेक गॅरेजांमध्ये इंजिन ऑइलचा दाब पाहण्याचे गेज असते आणि त्याची तबकडी शून्यापासून शंभर पौंडांपर्यंत असते. अशा गेजवर दीड पौंड म्हणजे काटा जागेवरून जेमतेम उठलेला. तिथे दीड आणि तीन यांतला फरक डोळ्यांना कळत नाही आणि त्या टोकाला गेज अचूकही नसते. आपल्याला शून्य ते दहा पौंडांचे गेज हवे. व्हॅक्युम आणि कमी दाब अशी दोन्ही मापे दाखवणारे, कार्ब्युरेटर ट्यूनिंगसाठी वापरले जाणारे गेज मिळाले तर अधिक चांगले, कारण ते पुढच्या चाचणीलाही उपयोगी पडते. मुंबईतल्या ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या बाजारात चौकशी करावी. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत हे गेज नव्या पंपापेक्षा जास्त वर्षे कामाला येते, असे माझे स्पष्ट मत आहे. पद्मिनी टॅक्स्या रस्त्यावर होत्या तोवर नुसत्या आवाजावरून दोष ओळखणारे कारागीर गल्लोगल्ली होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून गेली आणि तो रोजचा सरावही तिच्याबरोबर कमी झाला. त्यांची उणीव आता मोजमापानेच भरून काढावी लागेल.

गेज पंप आणि कार्ब्युरेटर यांच्यामध्ये टी-जोड घालून बसवावे, म्हणजे इंजिन चालू ठेवून दाब पाहता येईल. तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात: आयडलिंगला (रेस न देता) दाब किती आहे, रेस वाढवून काही वेळ धरल्यावर किती आहे आणि इंजिन बंद केल्यावर तो किती वेळ टिकतो. पंपाच्या आतले व्हॉल्व्ह आणि कार्ब्युरेटरची निडल (पेट्रोलची वाट उघडझाप करणारी सुई) नीट बसत असेल, तर इंजिन बंद झाल्यावर काटा हळूहळू, काही मिनिटांत उतरतो. तो ताडकन शून्यावर आला तर पंपाचा व्हॉल्व्ह किंवा निडल धरत नाही. नवा पंपही याला अपवाद नाही, कारण टाकीतून आलेला गंजाचा एक कण व्हॉल्व्हखाली अडकला तरी पुरते.

याहूनही महत्त्वाचा संकेत काट्याच्या वागण्यात असतो. लाइनमध्ये नुसता अडथळा असेल, तर आयडलिंगला पेट्रोल इतके थोडे लागते की पंप तेवढे ओढून घेतो आणि काटा अगदी व्यवस्थित दिसतो. रेस वाढवून धरली की मात्र तो खाली येऊ लागतो. लाइन हवा घेत असेल, तर पंपात पेट्रोलऐवजी फेस येतो, फेस दाबला जातो, आणि काटा आयडलिंगलाच खाली राहून थरथरतो. काटा आयडलिंगला कमी पण एकदम स्थिर असेल, तर पंपाचा दांडा पुरेसा हालत नसावा अशी शंका घ्यावी. आपण पत्रात फक्त दीड पौंड हा आकडा दिला आहे. काटा स्थिर होता की थरथरत होता, हे मेकॅनिकना आठवत असेल तर जरूर विचारावे.

दोष पेट्रोलचाच आहे, याचीही एकदा खात्री करून घ्यावी, कारण तापलेली इग्निशन कॉइल किंवा खराब झालेला कंडेन्सरही हुबेहूब असेच वागतो: गरम झाल्यावर गाडी बंद आणि निवल्यावर सुरू. गाडी बंद पडेल त्याच क्षणी, सुरक्षित जागी बाजूला घेऊन, एअर क्लीनर काढावा, कार्ब्युरेटरच्या तोंडातून आत पाहावे आणि हाताने थ्रॉटल एकदा जोरात उघडावा. पेट्रोलची बारीक, ठसठशीत धार आत उडाली तर फ्लोट चेंबरमध्ये (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोल साठवणाऱ्या कप्प्यात) पेट्रोल आहे आणि मग वीज तपासावी. धार उडाली नाही किंवा नुसते थेंब पडले, तर चेंबर कोरडे आहे आणि आपण योग्य वाटेवर आहोत. बंद पडण्याच्या आधी झटके बसत असताना चोक थोडा ओढल्यावर गाडी क्षणभर सावरते का, हेही पाहावे. सावरत असेल तर मिश्रण पातळ होत आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडत आहे.

आता सर्वांत निर्णायक चाचणी. पंपाला टाकीकडून येणारा पाइप काढून त्याचे तोंड बंद करावे आणि पंपाच्या त्या तोंडाला दोन-तीन फुटांचा नवा रबरी पाइप लावून त्याचे दुसरे टोक पेट्रोलच्या छोट्या पत्र्याच्या डब्यात बुडवावे. डबा जमिनीवर, साधारण टाकीच्या तळाइतक्या उंचीवर ठेवावा. बॉनेटवर किंवा बॅटरीशेजारी उंच ठेवला तर पेट्रोल उतारानेच पंपात येते आणि चाचणी फसवी होते. गाडी याच डब्यावर सुरू करून गेज पुन्हा पाहावे. दाब अडीच-तीन पौंडांवर गेला आणि रेस दिल्यावरही टिकला, तर पंप, पॅकिंग, कॅमशाफ्ट सर्व निर्दोष ठरतात आणि दोष टाकी ते पंप या लाइनमध्येच आहे, हे सिद्ध होते. आपल्या बाबतीत असेच घडेल, असा माझा अंदाज आहे.

ही चाचणी उघड्यावरच करावी. सोसायटीच्या बंद तळघरातल्या पार्किंगमध्ये मुळीच करू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि काही फुटांवरच्या ठिणगीनेही पेट घेऊ शकते. पाइप काढण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडावी, इंजिन पूर्ण थंड असावे, सांडलेले पेट्रोल पुसून फडका दूर टाकावा आणि शेजारी ड्राय पावडरचे अग्निशामक घेऊन एक माणूस उभा असावा. डब्यावर गाडी फक्त जागेवर उभी ठेवून चालवावी. रस्त्यावर नेऊ नये.

दाबाबरोबरच पेट्रोल किती येते, हेही मोजणे आवश्यक आहे, कारण प्रवाह अगदी थोडा असला तरी दाब ठीक दिसू शकतो. गरज किती असते, याचा हिशेब सोपा आहे. गाडी लिटरला १२ किलोमीटर चालते आणि वेग ताशी ८० किलोमीटर आहे असे धरले, तर तासाला पावणेसात लिटरच्या आसपास, म्हणजे मिनिटाला सुमारे ११० मिलिलिटर पेट्रोल लागते. घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल पूर्ण उघडला की ही गरज बरीच वाढते. कॉइलची इग्निशनकडून येणारी तार काढून, कार्ब्युरेटरकडचा पाइप मापाच्या बाटलीत सोडून १५ सेकंद सेल्फ मारावा. सशक्त पंप तेवढ्यात साधारण शंभर मिलिलिटर देतो आणि पेट्रोल ठोक्याठोक्याने, भरलेल्या धारेने येते. तीस-चाळीस मिलिलिटरच आले, किंवा धारेत बुडबुडे दिसले, तर घाटात गाडी का थांबते याचे उत्तर त्या बाटलीत आहे. आधी नेहमीच्या लाइनवर आणि मग डब्यावर, अशी दोन्ही मोजमापे घेतली तर फरक स्पष्ट होईल.

डब्याच्या चाचणीत लाइन दोषी ठरली की टाकीच्या झाकणापासून सुरुवात करावी, कारण त्याला काहीच खर्च नाही. झाकणाचे हवेचे छिद्र बुजले असेल, तर पेट्रोल जसजसे खर्च होते तसतशी टाकीत पोकळी निर्माण होते आणि अर्ध्या-पाऊण तासाने पंपाला ओढणे जड जाते. गाडी झटके देऊ लागताच झाकण उघडून पाहावे: सूं असा आवाज येऊन गाडी लगेच सावरली तर दोष सापडला. दहा-पंधरा मिनिटे थांबल्यावर गाडी चालू लागते, हे आपले वर्णन याच्याशीही जुळते, कारण तेवढ्या वेळात हवा हळूहळू आत शिरते.

झाकण ठीक असेल तर रबरी पाइपांकडे पाहावे, आणि माझा खरा संशय इथेच आहे. पंपाच्या अलीकडच्या लाइनमध्ये दाब नसतो, ओढ असते. तिथे भेग पडली तर पेट्रोल बाहेर ठिबकत नाही, हवा आत ओढली जाते. शहाळ्याच्या चिरलेल्या नळीतून पाणी ओढताना तोंडात निम्मी हवा यावी, तसे पंपाचे होते. म्हणून ‘कुठेही गळत नाही, म्हणजे लाइन चांगली आहे’ हा गॅरेजमध्ये सर्रास काढला जाणारा निष्कर्ष या भागाला लागू पडत नाही. घाटात हे जास्त का जाणवते, तेही समजण्यासारखे आहे. पद्मिनीची टाकी मागे आणि पंप पुढे इंजिनावर असतो; दहाला एक चढ धरला, तर तीन मीटर अंतरात पंप टाकीपेक्षा आणखी ३० सेंटिमीटर वर जातो. त्यासाठी लागणारी ओढ फक्त ०.३ पौंडांच्या आसपास असते. निर्दोष लाइनला ती जाणवतही नाही, पण हवा घेणारी लाइन तेवढ्यानेच हरते.

टाकीकडचा आणि पंपाकडचा असे दोन्ही रबरी पाइप काढून वाकवून पाहावेत. बाहेरून काळाभोर आणि धडधाकट दिसणारा पाइप वाकवल्यावर क्लिपच्या कडेशी केसासारख्या भेगा दाखवतो. आतून पाहिले तर अस्तर फुगून किंवा सुटून आत लोंबताना दिसते आणि जोराची ओढ लागली की तेच अस्तर वाट बंद करते. कडक झालेल्या पाइपावर क्लिप आवळून उपयोग नसतो. गेल्या काही वर्षांत हे प्रमाण वाढण्याचे कारणही आहे. २०२५ पर्यंत देशभर पेट्रोल पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्रास मिळू लागले, आणि १९८६ च्या गाडीतली रबरे त्यासाठी बनवलेली नव्हती. इथेनॉल जुन्या रबराला फुगवते आणि टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षे साचलेला गाळ सैल करून लाइनमध्ये आणते. नवे पाइप घेताना इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेले, शक्य असेल तर आतून फ्लोरोरबराचे अस्तर असलेले घ्यावेत. पंपाचा डायफ्राम आणि कार्ब्युरेटरची पॅकिंगेही त्याच प्रकारची आहेत का, हे दुकानदाराला विचारून घ्यावे.

पाइप बदलूनही बुडबुडे आले, तर पत्र्याची लाइन पाहावी. मुंबईत गाडीच्या पोटाखालून जाणाऱ्या स्टीलच्या नळीला खारी हवा आणि पावसाळ्यात तुंबलेले पाणी असा दुहेरी मार बसतो. नळी जिथे क्लिपने चॅसीला धरलेली असते, नेमका तिथेच, क्लिपच्या आड, गंज तिला टाचणीएवढे भोक पाडतो आणि वरवर पाहणाऱ्याला ते कधीच दिसत नाही. प्रत्येक क्लिप सोडून, नळी पुसून, टॉर्चच्या उजेडात पाहावी. पंपाच्या तोंडाशी थोड्या वेळापुरती पारदर्शक नळी जोडली की बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. चाचणी झाल्यावर मात्र ती काढून टाकावी, कारण साध्या प्लास्टिकची नळी पेट्रोलने कडक होऊन तडकते. लाइन साफ करण्यासाठी हवा मारायची असेल, तर आधी पंप सोडवून घ्यावा, टाकीचे झाकण उघडे ठेवावे आणि पुढून मागे, कमी दाबाने हवा द्यावी. टाकीत गुळगुळ ऐकू आली की वाट मोकळी आहे. नळी बदलावी लागली तर तितक्याच आतल्या व्यासाची स्टीलची किंवा क्युप्रोनिकेलची (तांबे-निकेलच्या मिश्रधातूची) घ्यावी. साधी तांब्याची नळी वाकवायला सोपी म्हणून कारागीर सुचवतात, पण ती हादऱ्यांनी कडक होऊन तडकते आणि तिच्या संपर्कात पेट्रोलमध्ये चिकट राळ लवकर तयार होते, म्हणून मी ती बसवू देणार नाही. टाकीतील ओढनळीच्या तोंडाशी असलेली जाळी आणि तळाचा गंज, हे त्यानंतर टाकी उतरवून पाहावे लागेल.

डब्यावरही दाब कमीच राहिला, तर संशय पंपाच्या बैठकीवर जातो. पंप आणि ब्लॉक यांच्यामधील जाड ठोकळा आणि त्याच्या दोन्ही बाजूंची कागदी पॅकिंगे यांच्या जाडीवर दांड्याची हालचाल ठरते. एखादे पॅकिंग जास्त घातले की दांडा कॅमपासून दूर जातो, हालचाल तोकडी पडते, स्प्रिंग पुरती दबत नाही आणि दाब कमी भरतो. जाडी मॅन्युअलप्रमाणेच ठेवावी. अंदाजाने पॅकिंग कमी केले तर उलट दांड्यावर आणि डायफ्रामवर ताण येतो. तो ठोकळा ब्लॉकची उष्णताही अडवतो, म्हणून तो काढून टाकू नये. कॅमचा उंचवटा झिजला असण्याची शक्यता कमी आहे. ती शेवटी पाहावी. याच वेळी डिपस्टिक काढून वास घ्यावा. ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला, तर डायफ्राम फाटून पेट्रोल ऑइलमध्ये उतरत आहे. अशी गाडी चालवू नये, कारण पातळ झालेले ऑइल बेअरिंग खाते.

उष्णतेने पेट्रोलची लाइनमध्येच वाफ होणे, हे कारण मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. ते एप्रिल-मेमध्ये, कोंडीत रेंगाळल्यानंतर जास्त जाणवते. आपली गाडी तर शहरातल्या कोंडीत ठीक चालते आणि मोकळ्या रस्त्यावर वेगात अडते. तरीही पंप ते कार्ब्युरेटर ही नळी एक्झॉस्टला खेटून जात नाही ना, हे पाहून घ्यावे.

इलेक्ट्रिक पंपाला माझा विरोध का, तेही स्पष्ट करतो. हवा घेणाऱ्या लाइनवर तो बसवला तर तोही हवाच ओढेल. पेट्रोल इंजेक्शनच्या गाडीतला पंप कोणी बसवू लागला, तर त्याचा दाब चाळीस पौंडांच्या वर असतो आणि कार्ब्युरेटरची निडल त्यापुढे टिकत नाही. पेट्रोल उतू जाऊन तापलेल्या इंजिनावर सांडते. कमी दाबाचा योग्य पंपसुद्धा नुसता इग्निशनला जोडला, तर अपघातात इंजिन बंद पडल्यावरही तो पेट्रोल ओतत राहतो. जुन्या पंपासोबत जोडला आणि जुन्याचा डायफ्राम फाटला, तर तो संपूर्ण टाकी ऑइलच्या चेंबरमध्ये रिकामी करू शकतो. पुढे कधी बसवावाच लागला, तर अडीच-तीन पौंडांचा, टाकीजवळ खाली आणि ऑइलच्या दाबाच्या स्विचमधून जाणाऱ्या रिलेवर बसवावा, म्हणजे इंजिन थांबले की तोही थांबेल.

लाइन दुरुस्त होऊन दाब आणि प्रवाह दोन्ही योग्य भरले, आणि तरीही घाटात थोडे झटके उरले, तर मग पेट्रोलच्या बदललेल्या प्रतीचा विचार करावा. इथेनॉलच्या वजनात सुमारे ३५ टक्के प्राणवायू असतो, त्यामुळे जुन्या जेटवर (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या तुकड्यावर) मिश्रण सात-आठ टक्के पातळ पडते. घाट चढून लगेच इंजिन बंद करावे, निवल्यावर प्लग काढावेत आणि ते पांढरे फटक दिसले तर मेन जेट एक पायरी मोठे घालून पाहावे. दाब सिद्ध होण्याआधी जेटला मात्र हात लावू नये, नाहीतर लाइन दुरुस्त झाल्यावर हीच गाडी काळा धूर सोडू लागेल.